अर्जंट!!! प्लीज हेल्प!!!

मित्रहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तास संपायला दोन मिनिटं आहेत. सर डस्टर खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "एनी डाउट्स?" वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! सर समाधानाने बाहेर पडतात आणि पुढच्याच क्षणाला मागच्या बाकावरून आवाज येतो, "अरे, ते दुसरं डेरिव्हेशन कुणाला कळलं का रे?"

शंका विचारायला आपण घाबरतो. शाळेपासून घाबरतो. आणि अगदी गळ्याशी आल्यावर, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री, विचारतो तेव्हा कसंही विचारतो. हा लेख त्या "कसंही" बद्दल आहे. आणि मुख्य म्हणजे, विचारणाऱ्याला उत्तर देणारेही "कसंही" देतात, त्याबद्दलसुद्धा आहे. मी या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे आणि दोन्हीकडे चुकलो आहे. तेव्हा हा उपदेश नाही, कबुलीजबाब समजा.

गेल्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी मी ठिबक सिंचनाचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करायचं घेतलं होतं. मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर, ईएसपी-३२ चा बोर्ड आणि वाय-फायवरून आकडे मोबाईलवर. कागदावर दोन दिवसांचं काम. पण बोर्ड नेटला जोडला की सेन्सरचा आकडा एकाच जागी अडकून बसायचा. माती ओली असो, कोरडी असो, बोर्डाला त्याचं सोयरसुतक नाही. सबमिशनला चार दिवस उरले होते. एका सीनिअरने सांगितलं, "व्हॉट्सअ‍ॅपवर काय रडतोयस? मेलिंग लिस्टवर विचार. तिथे जाणती माणसं आहेत."

मेलिंग लिस्ट म्हणजे ई-मेलवरचा कट्टा. एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सभासदांना जाते, कुणीही उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना जातं आणि सगळं साठून राहतं. आजच्या काळात हे जुनाट वाटेल. पण लिनक्सच्या कर्नलचं काम आजही मोठ्या प्रमाणावर ई-मेलवरच चालतं. तिथे नटवलेली, रंगीत एचटीएमएल मेल पाठवली तर ती लिस्टपर्यंत पोचतच नाही. साधा मजकूर लिहा, मुद्द्याचं लिहा, असा खाक्या.

तर रात्री दोन वाजता मी मेल टाकली. विषय: "अर्जंट!!! प्लीज हेल्प!!!" मजकूर: "सर, सेन्सर चालत नाही. परवा सबमिशन आहे. लवकर सांगा." सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो, त्यात कोडपेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त. आणि चार दिवसांचे "परवा" केले ते वेगळंच!

दोन दिवस कुणीही उत्तर दिलं नाही. मी मनातल्या मनात सगळ्या लिस्टला शिव्या घातल्या. मोठे शहाणे समजतात स्वतःला, गरिबाला विचारत नाहीत वगैरे. आता ती मेल वाचली की हसू येतं. "सेन्सर चालत नाही" यावर कुणी काय सांगणार होतं? डॉक्टरकडे जाऊन "बरं नाही" एवढंच म्हणायचं आणि पोट दाखवायचं नाही, जीभ दाखवायची नाही, ताप सांगायचा नाही. वर पुन्हा "लवकर औषध द्या, परवा लग्न आहे"!

तिसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने चार प्रश्न पाठवले. बोर्ड नेमका कोणता? सेन्सर कोणत्या पिनला? काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय? आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं, त्यानंतर काय बदललं?

पहिले तीन प्रश्न सोपे होते. चौथ्याला मी अडखळलो. शेवटचं नीट कधी चाललं होतं? म्हणून जुना कोड काढला, एकेक ओळ बंद-चालू करून पाहिली, तर वाय-फाय सुरू करायची ओळ बंद केली की सेन्सर शहाण्यासारखा वागत होता! म्हणजे चार रात्री मी सेन्सरला दोष देत होतो आणि सेन्सर बिचारा निर्दोष होता. हे लिहून पाठवलं आणि तासाभरात उत्तर आलं. या बोर्डात अ‍ॅनालॉग आकडा वाचणारे दोन भाग असतात. त्यातला दुसरा वाय-फायसुद्धा वापरतं, त्यामुळे वाय-फाय चालू असताना त्याच्या पिना आपल्या उपयोगाच्या नाहीत. माझा सेन्सर २५ नंबरच्या पिनला होता, ती त्या दुसऱ्या भागातली. वायर ३४ नंबरवर हलवली, कोडमधला एक आकडा बदलला आणि काम झालं. हे सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मी "सेन्सर चालत नाही" असं शोधत होतो, "वाय-फाय चालू केल्यावर अ‍ॅनालॉग पिन" असं नाही. प्रश्नच चुकीचा होता, तर उत्तर कुठून सापडणार?

माझ्या मते नीट प्रश्न विचारण्याचा खरा फायदा हा आहे. लोकांना तो नम्रपणाचा, शिष्टाचाराचा विषय वाटतो. तो तसा आहेच, पण त्याहून जास्त तो इंजिनिअरिंगचा विषय आहे. प्रश्न नीट लिहायला बसलं की निम्मं उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. १९९९ साली आलेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला कोड समजावून सांगायची युक्ती आहे. बदक काही बोलत नाही. पण त्याला ओळीओळीने सांगताना आपलीच जीभ अडखळते आणि चूक सापडते. आपल्याकडे बदक नसेल तर रूममेट चालतो, फक्त तो जागा असला पाहिजे.

आता कुणी म्हणेल, हे नियम कुणी ठरवले? तर ते एका दिवसात ठरलेले नाहीत. इंटरनेटवरच्या वागणुकीची एक लेखी यादी ऑक्टोबर १९९५ मध्ये आर.एफ.सी. १८५५ या नावाने निघाली, ती इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिली. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, हे त्यात आहे. लिस्टवर काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, असंही त्यात आहे! आपल्याला दोन मिनिटं धीर धरवत नाही. १९९९ मध्ये पुटी या प्रोग्रॅमचा कर्ता सायमन टॅथम याने बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. २००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा हुशारीने प्रश्न कसे विचारावेत यावरचा लेख आला, तो आजही लोक एकमेकांना पाठवतात.

आणि चांगल्या प्रश्नाची ताकद बघायची असेल तर १९९१ सालात जा. ३ जुलैला हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चागटात प्रश्न टाकला. पॉसिक्स या प्रमाणाची ताजी व्याख्या कुठे मिळेल, शक्यतो संगणकावर वाचता येईल अशा रूपात? त्याने "ऑपरेटिंग सिस्टिम कशी बनवायची, अर्जंट" असं विचारलं नाही. काय हवं, कोणत्या रूपात हवं, एवढंच नेमकं विचारलं. २५ ऑगस्टला त्याच गटात त्याने सांगितलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडतं, काय आवडत नाही ते सांगा. तो विद्यार्थी म्हणजे लायनस टॉरवाल्ड्स आणि ती सिस्टिम म्हणजे लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच आहे.

तर विचारणाऱ्याने काय करावं? मला जे कळलं ते थोडक्यात सांगतो. विषयाच्या ओळीत "हेल्प" लिहू नका, अडचण लिहा. "ईएसपी-३२: वाय-फाय चालू केल्यावर पिन २५ चा आकडा बदलत नाही" असं वाचलं की जाणकार माणूस मेल उघडतो. कोडचा फोटो नको, कोड मजकूर म्हणून द्या, म्हणजे समोरच्याला तो चालवून बघता येईल. आणि तोही सगळा ८०० ओळींचा नको, चूक दिसेल एवढाच, दहा-वीस ओळींचा. एरर मेसेज जसाच्या तसा द्या, "काहीतरी एरर येतोय" असं नको. काय करून पाहिलं ते सांगा. त्यामुळे समोरचा तेच पुन्हा सांगत नाही आणि तुम्ही हातपाय हलवले आहेत हेही त्याला दिसतं.

आणखी एक गंमत असते. आपल्याला दारातून आत जायचं असतं, पण आपण विचारतो, "शिडी कुठे मिळेल?" कारण खिडकीतून चढायचं आपणच मनात ठरवून टाकलेलं असतं. शिडी कुठे मिळते हे चार लोक सांगतात आणि तासाभराने कळतं की दार उघडंच होतं. म्हणून अडलेली पायरी सांगताना शेवटी जायचं कुठे आहे, तेही एका ओळीत सांगावं.

दुसऱ्याच्या चालू चर्चेत आपलं घोडं दामटू नये, नवीन मेल सुरू करावी. उत्तर देताना आधीची अख्खी रामायणं खाली लटकवू नयेत, ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढी ठेवून तिच्याखाली लिहावं. आणि दोन तासांत "सर प्लीज रिप्लाय" म्हणून लोकांच्या खासगी पत्त्यावर मेल टाकू नये. ती माणसं नोकरी करतात, झोपतात, काहींची तर रात्र आपल्या दिवसा असते. दोन-चार दिवस थांबावं आणि पुन्हा विचारताना काहीतरी नवीन माहिती जोडावी.

इंग्लिशचं काय, हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात असतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, त्यामुळे ही भीती मला ठाऊक आहे. पण मोडक्या इंग्लिशमध्ये नेमका लिहिलेला प्रश्न हा सफाईदार इंग्लिशमधल्या गोलगोल प्रश्नापेक्षा शंभर पटींनी बरा. पिनचा नंबर, व्हर्जनचा आकडा आणि एरर मेसेज यांना व्याकरण लागत नाही. आणि आपल्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर तर बिनधास्त मराठीत विचारावं. तिथे कुणाला इंप्रेस करायचंय?

इथवर लेख संपवला असता तर मी मोठा शहाणा ठरलो असतो. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

वायर ३४ नंबरवर हलवली, सबमिशन झालं, सरांनी शाबासकी दिली. त्या चार प्रश्नांचं उत्तर मी लिस्टवर न पाठवता नुसतं त्या गृहस्थांना पाठवलं होतं, चुकीचं बटण दाबलं म्हणून. त्यामुळे त्यांचं उत्तरही माझ्या एकट्याकडेच आलं. लिस्टवर मी शेवटी एकच ओळ टाकली: "प्रॉब्लेम सॉल्व्ड, थँक्स!" काय सॉल्व्ह झालं, कसं झालं, काही नाही. गरज सरो, वैद्य मरो.

यंदा मी सीनिअर झालो. आमच्या क्लबच्या ग्रुपवर सेकंड इयरच्या एका मुलाने रात्री लिहिलं, "दादा, एल.डी.आर. चालत नाही, काय करू?" मी त्या दिवशी प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये आपटून आलो होतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. लिहिलं, "आधी डेटाशीट वाचायचे कष्ट घे. इथे स्पून फीडिंग होत नाही." त्यावर पाच जणांचे हसरे चेहरे आले. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तो मुलगा मात्र त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही.

तीन आठवड्यांनी तो लॅबमध्ये दिसला. रस्त्यावरचे दिवे अंधार पडल्यावर आपोआप लावायचा प्रोजेक्ट गुंडाळून ठेवला होता आणि ग्रुप बदलून मागायचा अर्ज लिहीत होता. मी सहज विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "दादा, दोन बोर्ड आणले, तीन एल.डी.आर. आणले, मेसचे पैसे त्यात गेले. नेट चालू केलं की आकडा हलतच नाही." माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, "कितव्या पिनला लावलाय?" "सत्तावीस." सत्तावीस! म्हणजे तोच दुसरा भाग, तीच अडचण. वायर हलवायला मला अर्धं मिनिट लागलं.

मग तो जे म्हणाला ते माझ्या अजून लक्षात आहे. "दादा, लिस्टवर शोधलं होतं मी. तुमचीच मेल सापडली, अगदी हाच प्रॉब्लेम. पण खाली नुसतं 'सॉल्व्ड' लिहिलंय. म्हणून तर ग्रुपवर तुम्हाला विचारलं."

आता सांगा, डेटाशीट कुणी वाचायला हवी होती? त्याने शोध घेतला होता, माझ्यापर्यंत येऊन पोचला होता. मी एकदा उत्तर लिहिलं नाही आणि दुसऱ्यांदा त्याला हाकललं. माझ्या तीन ओळींच्या आळसाची किंमत त्या पोराने मेसच्या पैशांनी भरली.

माझे काही मित्र म्हणतात, "अरे, थोडं झापल्याशिवाय कुणी शिकत नाही. लिनक्सवाले बघ कसे फाडून खातात." त्यांना मी सांगतो की २०१८ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द टॉरवाल्ड्सने आपल्या अशा मेलबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामापासून रजा घेतली आणि त्याच सुमारास कर्नलच्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. स्टॅक ओव्हरफ्लो हे २००८ मध्ये सुरू झालेलं प्रश्नोत्तरांचं स्थळ. त्यांनीही २०१८ मध्येच कबूल केलं की आपल्याकडे नवख्यांचं नीट स्वागत होत नाही. म्हणजे ज्यांचा दाखला देऊन आपण उर्मट होतो, ते कधीच पुढे गेले आणि आपण त्यांच्या जुन्या सवयी मिरवतोय.

याचा अर्थ प्रत्येकाला तयार असाइनमेंट लिहून द्यावी असं नाही. "वाच" म्हणायला हरकत नाही, पण कोणतं पान वाचायचं ते सांगा. वेळ नसेल तर गप्प बसा, गप्प बसण्याने कुणाचा अपमान होत नाही. माहीत नसेल तर अंदाज ठोकून देऊ नका, आणि ठोकलाच तर "हा अंदाज आहे" असं लिहा. "मला पण हाच प्रॉब्लेम आहे" एवढंच लिहून वीस जणांची मेलपेटी भरू नका. प्रश्न अर्धवट असेल तर त्या गृहस्थांसारखे चार प्रश्न विचारा. मला वाटतं, उत्तर देण्याची तीच सगळ्यात चांगली पद्धत आहे, कारण त्यात समोरचा उत्तर शोधायला शिकतो आणि त्याची मान खाली जात नाही.

हल्ली एक नवीन मुद्दा निघतो. आता चॅटजीपीटी आहे, माणसांना विचारायचंच कशाला? जरूर वापरा, मीही वापरतो. पण तिथेही "सेन्सर चालत नाही" असं लिहिलं तर गोलगोलच उत्तर येतं. प्रश्न नीट मांडायची सवय तिथेही लागतेच. शिवाय तिथे मिळालेलं उत्तर तुमच्या एकट्याच्या खिडकीत राहतं, पुढच्या वर्षीच्या मुलाला ते दिसत नाही. आणि तिथलं उत्तर स्वतः तपासून न पाहता दुसऱ्याच्या प्रश्नाखाली चिकटवणं, हा तर शुद्ध अडाणीपणा. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली, ती काही उगीच नाही.

असो. त्या रात्री मी दोन कामं केली. माझी वर्षभरापूर्वीची मेल शोधून तिच्याखाली नीट उत्तर लिहिलं: अडचण काय, कारण काय, कोणत्या पिना चालतात, कोणत्या नाहीत. मोजून सहा ओळी झाल्या. आणि क्लबच्या ग्रुपवर त्या मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. झापलं सगळ्यांसमोर होतं, मग माफी एकट्यात कशी चालेल? यावेळी हसरे चेहरे आले नाहीत. त्याने अर्ज मागे घेतला की नाही ते मी विचारलं नाही, पण परवा लॅबच्या टेबलावर त्याचे दिवे लागलेले पाहिले.

तेव्हा मित्रहो, माझं एवढंच मागणं आहे. विचारा, खुशाल विचारा, पण समोरच्याला उत्तर देता येईल असं विचारा. उत्तर द्या, पण समोरचा पुन्हा विचारू शकेल असं द्या. आणि काम झालं की "सॉल्व्ड" वर थांबू नका, त्याखाली तीन ओळी जास्त लिहा. कधीतरी रात्री दोन वाजता, सबमिशनच्या आदल्या दिवशी, कुणीतरी त्या शोधत येणार आहे. कदाचित ते तुम्हीच असाल. कारण आपण काय केलं होतं, हे सहा महिन्यांनी आपल्याला तरी कुठे आठवतं!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार